मैनेच्या दुधाची घोडी

जिथे पंगत बसली होती तिथे पूर्वी आमची लीद पडायची. हे वाक्य जेवताना कोणाला ऐकवण्यासारखं नाही, म्हणून मी ते बुंदीबरोबर गिळून टाकलं. भाच्याच्या लग्नासाठी बऱ्याच वर्षांनी जालन्यात आले होते. कार्यालय कुंडलिकेच्या काठाजवळ, नवंकोरं, खांबांना गुलाबी झालरी, आणि कुठेच कसलाही वास नाही. मागच्या भिंतीपाशी एक कडुलिंब मात्र उरला होता. त्या लिंबावरून मी सगळं ओळखत गेले. हात धुवायच्या नळांची रांग आहे तिथे हौद होता. नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडल्या आहेत तिथे पत्र्याचं शेड. आणि वऱ्हाडी पान खात उभे आहेत ते आमचं रिंगण. तिथली माती मी आणि एका शिंगरानं मिळून इतकी तुडवली होती की पावसाळ्यातसुद्धा तिथे गवत उगवायचं नाही.

दाराशी नवरदेवाची घोडी उभी होती. पांढरी, कपाळावर आरशांचा पट्टा, पायांत घुंगरू. नवरदेव उतरून आत गेला होता, बँडवाले चहा पीत होते, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. घोड्याच्या मानेवर आयाळीखाली एक जागा असते, थंडीतसुद्धा उबदार. मी तिथे हात घातला. घाम, कडबा, खोबरेल आणि उन्हात तापलेलं कातडं, सगळं एकदम नाकात आलं. "मावशी, दूर व्हा, लाथ मारती," घोडीवाला म्हणाला. मी हात काढून घेतला, पण त्या दिवशी साबण लावायचं टाळलं.

मी इथे राहायचे तेव्हा जालना जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी हसनाबादची, इथल्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली, खोली करून राहणारी. स्टेशनापासून जुन्या जालन्यापर्यंत टांगे चालायचे. सकाळची गाडी आली की रस्ताभर नालांचा आवाज उठायचा, मग चाबकाची काठी चाकाच्या आऱ्यांवर घासल्याची करकर, मग टांगेवाल्यांच्या शिव्या, त्याही लयीत. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे साळवे सर होते. उंच, किडकिडीत, सायकलच्या हँडलला कायम एक खादीची पिशवी. रविवारी ते टांग्यांच्या अड्ड्यावर जाऊन दुखणाईत घोड्यांचं दवापाणी करायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. हळूहळू त्यांच्यामागे चार माणसं जमली, त्यांत मी. एका जिनिंगवाल्यानं नदीकाठची पडीक जागा वापरू दिली, कोणी पत्रे दिले, कोणी हौद बांधून दिला. टांगेवाल्यांनी सोडून दिलेली म्हातारी जनावरं तिथे यायची, थोडे दिवस सावलीत उभी राहायची आणि बहुतेक तिथेच डोळे मिटायची. गावात आम्हाला 'घोडेमंडळ' म्हणायचे. माझं लग्न ठरत नव्हतं, त्यामुळे घोडनवरी हा शब्द लोकांना आयताच सापडला होता.

संक्रांतीच्या आसपास सर एक हातगाडी ढकलत आले. गाडीत पोत्यावर शिंगरू. त्याची आई रस्त्याच्या कडेला मरून पडली होती आणि हे तिच्या पोटाशी ढुशा देत उभं होतं. गुळाच्या रंगाचं अंग, पाठीवर बारीक पांढरे ठिपके, तीळ चिकटल्यासारखे. पाय इतके लांब की ते त्याचे नसून कुणाकडून मागून आणल्यासारखे वाटत. "रेवडी," मी म्हणाले, आणि नाव पडलं. सर हसले. "बाई, नाव ठेवताना जरा इचार करायचा होता. आपल्याकडं रेवडी उडिवतेत."

रेवडी गाईचं दूध घेईना. घेतलं तर टिकेना. तिसऱ्याच दिवशी तिची शेपटी चिकट झाली, कान लोंबले, आणि तिच्या तोंडाला तो आंबूस वास यायला लागला जो मला म्हाताऱ्या घोड्यांमुळे ओळखीचा झाला होता. सरांनी कुठेतरी वाचलं होतं की घोडीच्या दुधाला सगळ्यांत जवळचं दूध गाढविणीचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण मी मुलांना फळ्यावर लिहून दिली होती. आता स्वतः धरायला निघाले.

खाली घाटावर गयाबाई कपडे धुवायची. परटीण, चाळिशीची, आवाज खणखणीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्याकडे तीन गाढवं होती आणि त्यांतल्या मैनेचं शिंगरू नुकतंच गेलं होतं. गयाबाईनं आमचं बोलणं ऐकलं आणि हातातला पंचा दगडावर आपटायचं थांबवलं.

"मास्तरीणबाई, मैना लाथ घालून बत्तीशी पाडंल त्याची. दुसऱ्याचं लेकरू ती काहून घेईल?"

आमच्या घरी म्हशीनं रेडकू झिडकारलं की आई त्याच्या पाठीला मीठ चोळायची. मी तेच केलं, मिठात थोडा गूळ कालवला आणि रेवडीच्या पाठीला माखला. मैना आधी मागे सरली. मग तिनं नाक फुरफुरवलं. मग तिची ती खरखरीत जीभ बाहेर आली आणि तिनं पाठ चाटायला सुरुवात केली, हळूहळू, मिटल्या डोळ्यांनी, मीठ संपल्यावरही. रेवडीनं पुढचे पाय फाकवले, तरी तिचं तोंड खाली पोचेना. मैना बुटकी. शेवटी रेवडीनं पुढचे गुडघे मातीत टेकले, मान वाकडी केली आणि प्यायली. "पी माय, पी," गयाबाई पुटपुटली. दूध ओढल्याचा चुकचुक आवाज, पाण्यात भिजत पडलेल्या कपड्यांचा सोड्याचा वास, आणि मागे नदीवरचं धुकं. सर पाठ करून उभे होते. त्यांचा चष्मा धुक्यानं भिजला असं ते म्हणाले.

जाताना गयाबाईनं मला थांबवलं. "एक ध्यानात ठिवा. ही गोष्ट कोनाला सांगू नका. गाढवाचं दूध पेलेल्या घोड्यावर नवरदेव बसत न्हाई. लोक म्हन्तेत, बसला तर त्याची गाढवावरून धिंड निघाल्यावानी हाये. उद्या हिला कोन घेईल?" मी हसले होते. दोनचार दिवस जगेल की नाही अशा जिवाच्या लग्नकार्याची काळजी गयाबाई करत होती.

रेवडी जगली. आणि तिच्या जगण्याबरोबर माझ्या आयुष्यातला एक काळ सुरू झाला ज्याला मला अजून नाव देता आलेलं नाही. शाळा सुटली की मी नदीकडे धावायचे. हिवाळ्यात घाटावर वाळत घातलेली पांढरी धोतरं वाऱ्यानं फडफडायची, आणि त्यांच्या रांगांतून रेवडी उधळत जायची. धोतर डोक्यावर घेऊन आली की गयाबाई तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मग तेच धोतर पुन्हा खळबळून टाकायची. उन्हाळ्यात नदी आटून डबकी उरायची. मैना आणि बाकीची गाढवं राखेच्या ढिगात लोळायची, रेवडीही लोळायची, आणि संध्याकाळी चारही जनावरं एकाच रंगाची होऊन परतायची. मी खराऱ्यानं तिचं अंग घासायचे. राख उडायची, तिखट वासानं शिंका यायच्या, आणि राखेखालून एकेक तीळ पुन्हा वर यायचा.

ती स्वतःला गाढव समजत होती, यात शंका नाही. गयाबाई मैनेवर गाठोडं चढवायची तेव्हा रेवडी पुढे येऊन उभी राहायची आणि पाठीवर काही टाकेपर्यंत हलायची नाही. शेवटी गयाबाई एखादी उशीची खोळ तिच्या पाठीवर टाकायची. मग ती तोऱ्यात रांगेत शेवटी चालायची. फटाका वाजला तर घोडा उधळतो. गाढव जागच्या जागी थिजून उभं राहतं आणि विचार करतं. रेवडीही विचार करायची. तिच्या खिंकाळण्याची सुरुवात घोड्याची असायची, पण शेवटी श्वास आत ओढून एक आचका यायचा, तो मैनेचा होता. अड्ड्यावरचे टांगेवाले ते ऐकून पोट धरून हसायचे. मैनेचं दूध केव्हाच आटलं होतं, रेवडी तिच्या दीडपट झाली होती, तरी कधी कधी अचानक गुडघे टेकून ती मैनेच्या पोटाखाली तोंड घालायची. मैना उभी राहून घालू द्यायची. आई झाली की काय काय सोसावं लागतं, असा तिचा चेहरा असायचा.

पुढे सर आणि मी तिला शिकवायला लागलो. चाबूक चालणार नाही, हा सरांचा एकमेव नियम. लांब दोर धरून मी मध्ये उभी राहायचे आणि रेवडी माझ्याभोवती फेर धरायची. तिला पळवणं सोपं होतं, अवघड होतं ते तिचं नदीकडे वळणं थांबवणं. फेरात प्रत्येक वेळी त्या बाजूला आली की तिचा एक कान घाटाकडे फिरायचा. मी तिला शब्द शिकवले. तोंडाला लगामाची सवय आधी सुती चिंधीनं, मग चिंधीला गूळ लावून, मग लोखंडानं. पाठीवर आधी माझा हात, मग रिकामं पोतं, मग धान्यानं भरलेलं. आवाज न चढवता. ती चुकली तर आपण चुकलो असं समजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी दोघी घामानं ओल्या व्हायचो आणि माझ्या साडीला तिचा वास यायचा. खोलीची मालकीण नाकाला पदर लावायची. मला त्या वासाचा अभिमान वाटायचा, तो आजही वाटतो.

पहिल्यांदा खोगीर चढलं त्या दिवशी मी सरांना म्हणाले, तुम्ही बसा. ते मागे सरले.

"माझ्या लग्नात घोडा आणल्ता बापानं," ते म्हणाले. "गावच्या येशीतूनच परत धाडला. आमच्या लोकांनी घोड्यावर बसायचं न्हाई म्हणाले. मी चालत गेल्तो." मग रेवडीची मान थोपटत, अगदी साध्या आवाजात, "आता बसून काय दाखवायचं कोनाला? राहू द्या. ती अशीच बरी दिसून राह्यली."

मी खोगिराचा पट्टा सैल केला. लिंबाचा मोहोर पडत होता आणि खोगिराचं नवं कातडं करकरत होतं, एवढं आठवतं.

सगळं एकदम संपलं नाही. आधी टांगे कमी झाले, मग रिक्षांचा धूर टांग्यांच्या अड्ड्यावर आला, मग जिनिंगवाल्याचा मुलगा जागा मोजायला माणसं घेऊन आला. सरांची बदली परतूरकडे झाली. मंडळातले दोघं आपापल्या संसाराला लागले. ज्या सकाळी कुंपणाचे दगडी खांब येऊन पडले त्या सकाळी आमच्याकडे एकच जनावर उरलं होतं, आणि तिला कुठे ठेवायचं हे कोणालाच सुचत नव्हतं. मी हसनाबादला जाऊन वडिलांना विचारलं. आई म्हणाली, "दारात घोडी बांधल्यावर लोक इचारतील, लगीन पोरीचं हाये का घोडीचं?" गयाबाईच्या घरी गाढवांनाच जागा पुरत नव्हती. आणि घोडं खातं ते गाढवासारखं नाही, उकिरड्यावर भागत नाही त्याचं.

रशीदमामू पुढे आले. जुने टांगेवाले, पांढरी दाढी, डोक्याला कायम ओला रुमाल. टांगा विकून त्यांनी लग्नाच्या वरातीसाठी दोन घोड्या ठेवल्या होत्या आणि त्यांना हात लावायला ते परक्याला देत नसत. याहून चांगला माणूस मिळणार नव्हता. सरांनी त्यांना दुधाची गोष्ट खरी खरी सांगितली. मामूंनी दाढी कुरवाळली.

"दूध दूध होता, मास्टर. मेरेकू क्या?" मग माझ्याकडे वळून, "पर बाहर नक्को बोलो, बेटी. लोगां लई खराब है."

तिला नेलं त्या दिवशी मैना घाटावर उभी होती. रेवडी मामूंच्या मागे गेली, एकदाच थांबली, आचका देऊन ओरडली. मैनेनं उत्तर दिलं, ते मामू वळणाआड जाईपर्यंत चालू होतं. गयाबाई कपडे आपटत राहिली. मी घरी येऊन साडी धुवायला टाकली नाही.

आणि खरं सांगायचं तर ती फार चांगली निघाली. मामूंनी तिच्या आयाळीत गोंडे गुंफले, कपाळाला मोत्यांची जाळी बांधली. बाकीच्या घोड्या फटाक्यांना बुजायच्या, ही जागीच थिजून विचार करायची; लोकांना वाटायचं काय गुणाची, काय धीराची. लोक दिवाळीपासूनच तिला ठरवून ठेवायला लागले. "बिलकुल बच्चे के माफिक संभालती दूल्हे को," मामू येताजाता सांगायचे. मी सुटीच्या दिवशी भिजवलेले हरभरे घेऊन जायचे. ती माझी ओंजळ चाटायची, आणि खाऊन झाल्यावर माझ्या खांद्यावरून नदीच्या दिशेला बघायची. त्या काळात मी सुखी होते. एक काम पूर्ण झालं, असं वाटण्याइतकी भाबडी होते.

मग तो वैशाखातला परण्या आला. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात ती मिरवणूक. मामूंनी मला सांगून ठेवलं होतं, मोठ्या घरचं लग्न आहे, पुलावरून जाणार आहे, बघायला ये. मी पुलाच्या तोंडाशी दुकानाच्या सावलीत उभी राहिले. आधी बँड आला, मग नाचणारी मंडळी, मग रेवडी. पाठीवर फेटेवाला नवरदेव, त्याच्या मागे छोटा भाऊ. मला इतकं भरून आलं की शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगून टाकलं, ही मी वाढवलीय.

पलीकडून गयाबाई येत होती, मैनेवर धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं. मैना आता म्हातारी, पाठ खाली बसलेली. मिरवणुकीला वाट देण्यासाठी गयाबाईनं तिला कडेला घेतलं. रेवडी थांबली. मामूंनी लगाम हलवला. बँड वाजतच होता. रेवडीनं कान पुढे केले, मिरवणूक सोडून तीन-चार पावलं आडवी टाकली, आणि मोत्यांच्या जाळीसकट, गोंड्यांसकट, नवरदेवासकट, भर रस्त्यात तिनं पुढचे गुडघे टेकले आणि मैनेच्या पोटाखाली तोंड घातलं.

नवरदेव तिच्या मानेवरून घसरून मैनेच्या पायाशी गेला. भाऊ त्याच्यावर. त्यांना लागलं काही नाही. फेटा मात्र सुटून लांब पसरला. एकेक वाद्य थांबत गेलं आणि शेवटी नुसता ढोल वाजत राहिला, तोही ओशाळून बंद पडला.

तिथपर्यंतसुद्धा काही बिघडलं नव्हतं. जनावर आहे, ठेचाळलं, असं म्हणून चार लोक हसले असते आणि मिरवणूक पुढे गेली असती. मामू तेच सांगत होते, "पैर फिसला, पैर फिसला." पण गयाबाईला मिरवणूक दिसतच नव्हती. तिला मोत्यांची जाळीही दिसत नव्हती. दोन वर्षांनी लेकरू भेटल्यासारखी तिनं रेवडीची मान कवटाळली होती, आणि डोळ्यांतून पाणी चालू होतं.

"आलीस का माय? पी माय, पी."

नवरदेवाचे मामा पुढे आले. हे काय चाललंय, घोडी आणि गाढवाचं काय नातं, असं त्यांनी दरडावून विचारलं. आम्हाला सगळ्यांना गप्प राहण्याची शपथ घालणारी ती गयाबाईच होती. तिनं मान वर केली, डोळे पुसले, आणि इतक्या अभिमानानं सांगितलं की मी आयुष्यात कोणाला इतक्या अभिमानानं बोलताना ऐकलेलं नाही.

"माय हाये तिची. हिनं दूध पाजून जगवलीय."

पुढचं मी तुटक तुटक पाहिलं. कोणीतरी हसलं, मग सगळा रस्ता हसला. कोणीतरी ओरडलं, नवरदेवाची गाढवावरून धिंड निघाली रे. नवरदेवाचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मामूंच्या कॉलरला हात गेला. रेवडीची रेवडी उडत होती आणि ती मात्र मैनेच्या आटलेल्या पोटाखाली डोळे मिटून समाधानानं उभी होती. मी गर्दीत घुसले, पण माझा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती दोन पावलं बाजूला झाली. गयाबाईवर मला एक क्षणभरही राग आला नाही. तिला काय म्हणून रागवायचं? खरं बोलली होती.

त्यानंतर जालन्यात रेवडीवर कोणी बसलं नाही. मामूंनी तिला अंबडला नेलं, बदनापूरला नेलं. बातमी बँडवाल्यांबरोबर आधीच पोचलेली असायची. मामूंच्या दुसऱ्या घोड्यांकडेही लोक संशयानं बघू लागले. पोरं त्यांच्या दाराशी येऊन गाढवासारखी ओरडून पळायची. मामू मला कधीच काही बोलले नाहीत. मी गेले की चहा मागवायचे आणि दोघं बसून रेवडीला कडबा खाताना बघत राहायचो.

मी सरांना भेटायला गेले. ते परतूरहून वाटूर फाट्यापर्यंत आले. तिथल्या हॉटेलच्या बाकड्यावर आम्ही बसलो. समोरून एसट्या जात होत्या, धूळ चहात पडत होती. मी म्हणाले, सर, पुन्हा जागा बघू, पुन्हा मंडळ सुरू करू. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला कळलं, वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

"बाई, आपण तिला वाचवली म्हन्तो," ते म्हणाले. "पन कशातून वाचवली आन् कशात नेऊन सोडली, हेच मला उमजून न्हाई राह्यलं." नंतर ते हसनाबादच्या पावसापाण्याचं विचारत राहिले आणि मीही कापूस कसा आहे ते सांगत राहिले. बस आली. खिडकीतून पाहिलं तर ते रिकामा कप हातात धरून तसेच उभे होते.

कार्यालयात कोणी तरी मला हाका मारत होतं, फोटो काढायचा होता. मी जाऊन उभी राहिले, ज्या जागी शेड होतं त्या जागी, आणि सांगितलं तिकडे पाहून हसले. भाचा वाकून पाया पडला. त्याच्या फेट्याला अत्तराचा वास होता.

मामूंनी रेवडी देऊन टाकली ते मला त्या वेळी देऊन झाल्यावरच कळलं होतं. ते स्वतः खोलीवर आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. डोक्यावरचा ओला रुमाल काढून त्यांनी हातात धरला होता. "भट्टीवाले को दिया, बेटी. माफ करना." त्यांच्या दाढीतून पाणी ओघळत होतं आणि मी त्यांना बसा म्हणायलासुद्धा विसरले.

वीटभट्टी गावाबाहेर होती. मी गेले तेव्हा उन्हाळा उतरत होता. भाजलेल्या मातीचा, कोळशाच्या धुराचा गरम वास दूरवरूनच घशाशी आला. विटा वाहणाऱ्या गाढवांची रांग उतरणीवरून येत होती, सगळी लाल धुळीनं माखलेली, आणि रांगेत शेवटी, सगळ्यांहून उंच, रेवडी. तीळ दिसत नव्हते. लगाम नव्हता, दोरही नव्हता. पुढचं गाढव थांबलं की थांबत होती, चाललं की चालत होती. मी हाक मारली. तिनं मान वळवली, मला ओळखलं, ओळखल्यावर तिचा खालचा ओठ सैल व्हायचा तसा झाला. पण रांग सोडून ती आली नाही. मी तिच्या बाजूनं चालत राहिले, हात मानेवर, आयाळीखाली. तिला घेऊन जावं असं एकही ठिकाण या जिल्ह्यात मला माहीत नव्हतं.

खाली मुकादम उभा होता. भला माणूस वाटला. त्यानं मला बसायला विटांवर पोतं टाकून दिलं.

"लई गुणाची हाये ही," तो म्हणाला. "बाकीच्यांना सोटा घालावा लागतो. हिला कधी हातसुद्धा लावला न्हाई. नुसतं बोललं की बराबर समजतं तिला. कोनी शिकवली असंल, ताई? चांगल्या मानसानं शिकवलीय."

"मी," मी म्हणाले.

"मंग बराबर हाये," तो म्हणाला, आणि त्याच्या माणसानं रेवडीच्या रिकाम्या पाठीवर विटा रचायला घेतल्या. शेवटची वीट चढेपर्यंत ती चारही पाय जागच्या जागी ठेवून उभी होती.